पुनर्संयोजनामुळे अनुकूलन खरंच वेगाने होतं का? स्वतः हिशेब मांडून तपासण्याची रीत

"पुनर्संयोजनामुळे विविधता वाढते, विविधता वाढली की निवडीला वाव मिळतो, म्हणून अनुकूलन वेगाने होतं." उत्तरपत्रिकांत आणि सेमिनारांत हे वाक्य सर्रास भेटतं. (पुनर्संयोजन म्हणजे प्रजननात दोन पालकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन अपत्याला नवी जुळणी मिळणं.) त्यातली पहिलीच कडी नेहमी खरी नसते. पुनर्संयोजनाने विविधता कधी वाढते, कधी घटते, आणि कधी काडीचाही फरक पडत नाही. यातलं काय होणार हे आधी सांगता येतं, पण त्यासाठी हिशेब ठरावीक क्रमाने मांडावा लागतो. बहुतेक जण तो क्रम चुकतात आणि मिळालेल्या आकड्यावर विश्वास ठेवून मोकळे होतात.

ही रीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी, शिकवणाऱ्यांसाठी आणि पहिलंच सिम्युलेशन लिहायला बसलेल्यांसाठी आहे. पहिल्या पाच पायऱ्यांना स्प्रेडशीट पुरते, सातवीपासून कुठलीही प्रोग्रामिंग भाषा लागेल. हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून सगळीकडे एकगुणित सजीव धरले आहेत, म्हणजे प्रत्येकाकडे गुणसूत्रांचा एकच संच.

## पायरी १: प्रश्न मोजता येईल असा लिहा

"पुनर्संयोजन फायद्याचं आहे का?" हा प्रश्न मोजता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: बाकी सगळं सारखं ठेवून फक्त पुनर्संयोजनाचा दर बदलला, तर लोकसंख्येच्या सरासरी लॉग-फिटनेसमध्ये दर पिढीला होणारी वाढ किती बदलते?

फिटनेस म्हणजे एखादा प्रकार पुढच्या पिढीत सरासरी किती अपत्यं देतो ते. त्याचा लॉगॅरिदम घ्यायचा, कारण फायद्याची उत्परिवर्तनं साधारणपणे एकमेकांशी गुणली जातात. लॉग घेतला की त्यांची बेरीज होते आणि वेग सरळ रेषेच्या उतारावरून वाचता येतो.

सावधान: लोकसंख्या वेगाने अनुकूल होते एवढ्यावरून पुनर्संयोजन मुळात का टिकून राहिलं हे सिद्ध होत नाही. तो प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी पुनर्संयोजनाचा दर ठरवणारं जनुकच लोकसंख्येत पसरतं का, हे पाहावं लागतं. एका प्रश्नाचं उत्तर काढून ते दुसऱ्याखाली लिहिणं ही या विषयातली सगळ्यात जुनी गफलत आहे.

## पायरी २: चार प्रकारांचा तक्ता मांडा

गुणसूत्रावरची दोन स्थानं घ्या. पहिल्या स्थानावर फायद्याचा अलील (जनुकाचं एक रूप) क, दुसऱ्यावर फायद्याचा अलील ख. दोन्हीकडचा जुना अलील ० या खुणेने दाखवू. मग हॅप्लोटाइप, म्हणजे एकाच गुणसूत्रावरच्या अलीलांच्या जोड्या, चारच होतात: कख, क०, ०ख आणि ००. स्प्रेडशीटमध्ये चार स्तंभ करा आणि प्रत्येकात त्या प्रकाराचं प्रमाण लिहा. बेरीज १ यायलाच हवी.

पाचवा स्तंभ लिंकेज असंतुलनाचा. त्याला अ म्हणू:

अ = (कख × ००) − (क० × ०ख)

सगळा विषय या एका आकड्याभोवती फिरतो. अ शून्य असेल तर क आणि ख एकमेकांची पर्वा न करता विखुरलेले आहेत. अ धन असेल तर चांगले अलील एकत्र साचलेत. अ ऋण असेल तर ते वेगवेगळ्या गुणसूत्रांवर अडकून पडलेत.

पुनर्संयोजनाचा दर पु असेल, तर एका पिढीत कख आणि ०० प्रत्येकी (पु × अ) इतके कमी होतात, तर क० आणि ०ख तितकेच वाढतात. अ ऋण असला की चिन्ह आपोआप उलटतं. तिथे स्वतःहून चिन्ह बदलायला किंवा अ चं धन मूल्य घ्यायला जाऊ नका. स्प्रेडशीटमध्ये सर्वात जास्त वेळा बिघडते ती हीच ओळ.

पडताळणी: पुनर्संयोजनाच्या ओळीआधी आणि नंतर क चं एकूण प्रमाण (कख + क०) काढा. ते तंतोतंत सारखं आलं पाहिजे. पुनर्संयोजन अलीलांचं प्रमाण बदलत नाही, फक्त त्यांच्या जोड्या बदलतं. आणि जोड्या बदलतात त्याही केवळ दोन मिलनांत: कख आणि ०० यांच्या, किंवा क० आणि ०ख यांच्या. बाकी कुठल्याही मिलनात अदलाबदल झाली तरी हाती तेच प्रकार येतात.

## पायरी ३: पुनर्संयोजनाचा दर नीट ठरवा

पु ची कमाल किंमत ०.५ आहे. स्थानं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असली किंवा एकाच गुणसूत्रावर फार लांब असली तरी त्याच्या वर जाता येत नाही. म्हणून गुणसूत्रावरच्या सलग दोन टप्प्यांचे दर सरळ बेरजेने जोडता येत नाहीत. ०.३ आणि ०.३ मिळून ०.६ होत नाही. अदलाबदली एकमेकींवर परिणाम करत नाहीत असं धरलं, तर ०.३ + ०.३ − २ × ०.३ × ०.३ = ०.४२ होतो.

अंतर मॉर्गन या एककात (एक मॉर्गन म्हणजे पिढीला सरासरी एक अदलाबदल होईल इतकं अंतर) दिलेलं असेल तर ते आधी दरात बदलून घ्या. हॉल्डेनच्या सूत्राने ०.५ मॉर्गन अंतराला पु सुमारे ०.३१६ येतो. कोसंबींच्या सूत्राने त्याच अंतराला सुमारे ०.३८१ येतो, कारण एक अदलाबदल झाली की तिच्या जवळपास दुसरी होण्याची शक्यता घटते, हे ते सूत्र जमेस धरतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. घोटाळा होतो तो मिसळल्यावर: पुढे सिम्युलेशनमध्ये अदलाबदलींची संख्या पॉयसाँ वितरणातून (एकमेकींवर परिणाम न करणाऱ्या घटनांच्या संख्येचं वितरण) काढणार असाल, तर ते गृहीतक हॉल्डेनचं आहे. त्याची तुलना कोसंबी-अंतरांशी करू नका.

सजीव क्वचितच लैंगिक प्रजनन करत असेल, तर दर त्या प्रमाणात खाली आणा. दर ९० पिढ्यांत एकदाच मिलन होत असेल आणि मिलनातला पु ०.५ असेल, तर दर पिढीचा सरासरी दर ०.००५६ च्या आसपास पडतो.

## पायरी ४: तीन सुरुवाती चालवून पाहा

फिटनेस असे ठेवा: ०० ला १, क० आणि ०ख ला १.१, कख ला १.२१. पिढीतला क्रम पक्का ठेवा: आधी निवड, मग पुनर्संयोजन, मग मोजणी. निवडीच्या ओळीत प्रत्येक प्रमाणाला त्याच्या फिटनेसने गुणा आणि सरासरी फिटनेसने भागा. अ पुन्हा काढा, तो निवडीनंतरच्या प्रमाणांवरून. आधीचाच अ वापरला तर एका पिढीचा घोळ होतो आणि तो पुढे साचत जातो.

आता या तीन सुरुवाती घ्या. तिन्हींत क चं आणि ख चं प्रमाण अगदी सारखं, ०.१ आहे.

| सुरुवात | कख | क० | ०ख | ०० | अ |
|---|---|---|---|---|---|
| पहिली | ०.०१ | ०.०९ | ०.०९ | ०.८१ | ० |
| दुसरी | ० | ०.१० | ०.१० | ०.८० | −०.०१ |
| तिसरी | ०.१० | ० | ० | ०.९० | +०.०९ |

एका पिढीच्या निवडीनंतर क चं प्रमाण पहिल्या सुरुवातीत ०.१०८९ होतं, दुसरीत ०.१०७८ आणि तिसरीत ०.११८५. अलील तेच, फायदा तोच, प्रमाणही तेच, तरी वेग वेगळा. अ ऋण असला की चांगले अलील आपापसांत स्पर्धा करतात. धन असला की एकमेकांना वर ओढतात. पुनर्संयोजनाने अजून काहीच केलेलं नाही, हे लक्षात घ्या.

त्याचा परिणाम दुसऱ्या पिढीपासून दिसतो. पु = ० आणि पु = ०.५ असे दोन्ही चालवून दुसऱ्या पिढीअखेर क चं प्रमाण पाहा. पहिल्या सुरुवातीत दोन्हींकडे ०.११८५, काहीही फरक नाही. दुसरीत पुनर्संयोजनाविना ०.११६१ आणि पुनर्संयोजनासह ०.११६७, म्हणजे मदत झाली. तिसरीत पुनर्संयोजनाविना ०.१३९९ आणि पुनर्संयोजनासह ०.१३४४, म्हणजे अडथळा झाला.

तुमचे आकडे चौथ्या दशांशापर्यंत हेच आले नाहीत, तर इथेच थांबा आणि सूत्रं तपासा. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावर उभ्या आहेत.

दुसरी सुरुवात १०० पिढ्या ओढून बघा. पु = ० ठेवला तर सरासरी फिटनेस १.१० ला जाऊन अडकतो, कारण कख हा प्रकारच लोकसंख्येत नाही आणि तो घडवायला कोणी नाही. पु = ०.५ असताना तोच आकडा १.२१ च्या जवळ पोचतो. मला विचाराल तर पुनर्संयोजनाचं काम समजायला याहून नेमकं उदाहरण नाही.

पत्ते पिसण्याची उपमा वापरायचीच असेल, तर ती पूर्ण वापरा: आधीच पिसलेला गठ्ठा पुन्हा पिसून काही बदलत नाही, आणि मुद्दाम लावलेला गठ्ठा पिसला तर लावलेला क्रम मोडतो.

## पायरी ५: असंतुलन कुठून येतं ते शोधा

आतापर्यंत अ आपण हाताने भरला. खऱ्या लोकसंख्येत तो कुठूनतरी यावा लागतो, आणि इथे स्रोत दोन आहेत. (लोकसंख्यांची सरमिसळ हा तिसरा, पण तो या लेखात घेत नाही.)

पहिला स्रोत एपिस्टॅसिस, म्हणजे दोन अलीलांचा एकत्र परिणाम सुट्या परिणामांच्या गुणाकारापेक्षा वेगळा असणं. तो असा तपासा: (कख चा फिटनेस × ०० चा फिटनेस) − (क० चा × ०ख चा). उत्तर शून्य आलं तर निवड स्वतःहून असंतुलन निर्माण करत नाही. वरच्या उदाहरणात १.२१ × १ − १.१ × १.१ = ०, म्हणून पहिल्या सुरुवातीत अ शून्यावरून हलला नाही.

नेहमीची चूक: बरेच जण कख ला १.२ देतात, कारण ०.१ आणि ०.१ मिळून ०.२. त्यांना वाटतं की एपिस्टॅसिस शून्य ठेवला. प्रत्यक्षात १.२ − १.२१ = −०.०१, म्हणजे ऋण एपिस्टॅसिस नकळत आत शिरला. पहिल्या सुरुवातीत हा फिटनेस घातला तर एकाच पिढीत अ शून्यावरून सुमारे −०.००००८ होतो. आकडा लहान आहे, पण चिन्ह ठाम आहे आणि पिढ्यागणिक साचत जातं. मग पुनर्संयोजन उपयोगी ठरल्यासारखं दिसतं आणि कारण भलतीकडेच शोधलं जातं.

दुसरा स्रोत योगायोग. लोकसंख्या मर्यादित असली की अ यादृच्छिकपणे कधी धन, कधी ऋण होतो. सरासरी शून्यच असायला हवी ना? निवड नसेल तर हो. पण निवड असताना धन अ लवकर खपतो: चांगले अलील एकत्र असले की झपाट्याने पसरतात आणि विषय संपतो. ऋण अ मात्र रेंगाळतो, कारण क० आणि ०ख जवळपास तुल्यबळ असल्याने एकमेकांना अडवून बसतात. म्हणून निवडीखालच्या स्थानांमध्ये सरासरीने ऋण असंतुलन उरतं. हिल आणि रॉबर्टसन यांनी १९६६ मध्ये दाखवलेला परिणाम तो हाच, आणि पुनर्संयोजन अनुकूलनाला मदत करतं ते प्रामुख्याने इथे.

याचा व्यवहारी अर्थ असा की अमर्याद लोकसंख्येच्या स्प्रेडशीटमध्ये हा फायदा तुम्हाला कधीच दिसणार नाही. तिथे फरक आला नाही म्हणून "पुनर्संयोजनाचा उपयोग नाही" असं लिहू नका.

## पायरी ६: सिम्युलेशनआधी कागदावर अंदाज घ्या

ही पायरी सगळे गाळतात आणि मग संगणक रात्रभर चालवून शून्य फरक मिळवतात.

तीन आकडे लागतात: लोकसंख्या (लो), फायद्याच्या उत्परिवर्तनांचा दर पिढीला दर जीनोम दर (उ), आणि प्रत्येक उत्परिवर्तनाचा फायदा (फा). फायद्याचं नवं उत्परिवर्तनही बहुतेक वेळा सुरुवातीलाच योगायोगाने नष्ट होतं. ते तग धरण्याची शक्यता साधारण २ × फा असते. म्हणून तग धरणाऱ्या दोन उत्परिवर्तनांमधलं अंतर सुमारे १ ÷ (२ × लो × उ × फा) पिढ्या. एका उत्परिवर्तनाला सगळी लोकसंख्या व्यापायला लागणारा काळ सुमारे (२ ÷ फा) × लो चा नैसर्गिक लॉगॅरिदम.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. फा कटून जातो आणि उरतं:

४ × लो × उ × (लो चा नैसर्गिक लॉगॅरिदम)

एक उत्परिवर्तन पसरत असताना आणखी किती स्पर्धेत उतरतात, ते हा आकडा सांगतो. तो १ पेक्षा खूप लहान असेल तर उत्परिवर्तनं एकामागून एक येतात, स्पर्धाच होत नाही, आणि पुनर्संयोजनाला करण्यासारखं काही उरत नाही.

* लो = १,०००, उ = ०.०००००१: उत्तर सुमारे ०.०२८. इथे फरक शोधू नका.
* लो = १०,०००, उ = ०.०००१: उत्तर सुमारे ३७. इथे फरक दिसायलाच हवा.

दुसऱ्या जोडीला फा = ०.०५ धरला तर दर १० पिढ्यांनी एक उत्परिवर्तन तग धरतं, आणि प्रत्येकाला पसरायला ३६८ च्या आसपास पिढ्या लागतात. पुनर्संयोजन नसेल तर यातले बहुतेक वाया जातात. जीवाणूंच्या प्रयोगांत याला क्लोनल इंटरफिअरन्स म्हणतात.

याच आकड्यांवरून वेगाची कमाल मर्यादाही काढून ठेवा. तग धरलेलं प्रत्येक उत्परिवर्तन वाया न जाता पसरलं, तर लॉग-फिटनेस दर पिढीला २ × लो × उ × फा × फा इतका वाढेल. आपल्या आकड्यांना ही मर्यादा ०.००५ येते. तुमचं सिम्युलेशन सातत्याने याच्या वर जात असेल, तर चूक सिम्युलेशनमध्ये आहे.

## पायरी ७: सिम्युलेशन लिहा

लैंगिक आणि अलैंगिक लोकसंख्येसाठी दोन वेगळे प्रोग्राम लिहू नका. एकच लिहा आणि गुणसूत्राची लांबी मॉर्गनमध्ये बदलता ठेवा. लांबी शून्य केली की अपत्य एकाच पालकाची नक्कल होतं, म्हणजेच अलैंगिक लोकसंख्या. दोन प्रोग्राम असले की फरक पुनर्संयोजनाचा की तुमच्या लिहिण्याचा, हे कधीच कळत नाही.

प्रत्येक पिढीत, याच क्रमाने:

1. प्रत्येक अपत्यासाठी दोन पालक निवडा. निवड फिटनेसच्या प्रमाणात, आणि एकदा निवडलेला पालक पुन्हा निवडता येईल अशी.
2. अदलाबदलींची संख्या पॉयसाँ वितरणातून काढा. सरासरी म्हणजे गुणसूत्राची मॉर्गनमधली लांबी.
3. अदलाबदलीच्या जागा गुणसूत्रावर यादृच्छिक ठेवा. नक्कल कोणत्या पालकापासून सुरू करायची हे नाणेफेकीने ठरवा.
4. अपत्यात नवी उत्परिवर्तनं घाला. संख्या पुन्हा पॉयसाँमधून, सरासरी उ.
5. सरासरी लॉग-फिटनेस नोंदवा.

उत्परिवर्तनाची जागा ० आणि १ यांमधला यादृच्छिक दशांश म्हणून साठवा. मोजकी १०० स्थानं ठरवून घेतली आणि पिढ्या २,००० चालवल्या, तर वेगवान लोकसंख्येची स्थानं संपतात. तिचा वेग मंदावतो, मागचा गट येऊन तिला गाठतो, आणि शेवटी "फरक नाही" असा निष्कर्ष निघतो. शेवटची फिटनेस मोजणाऱ्यांना हा फटका हमखास बसतो. म्हणून शेवट मोजू नका, उतार मोजा.

प्रत्येक स्थानासाठी स्वतंत्रपणे नाणेफेक करून पालक ठरवणं सोपं वाटतं, पण त्याचा अर्थ सगळ्या स्थानांमध्ये पु = ०.५. शेजारशेजारच्या स्थानांनाही. एका गुणसूत्राचा अभ्यास त्यातून होत नाही.

लांबी ०, ०.१, १ आणि ५ मॉर्गन ठेवून पाहा. प्रत्येकीच्या किमान २० स्वतंत्र लोकसंख्या चालवा. सांख्यिकीसाठी नमुना म्हणजे लोकसंख्या. एका लोकसंख्येतल्या १०,००० व्यक्तींना १०,००० नमुने समजलात तर कुठलाही फरक "लक्षणीय" ठरेल. सुरुवातीच्या सुमारे ५०० पिढ्या टाकून द्या, कारण एकजिनसी लोकसंख्येतून सुरुवात केल्यावर विविधता साचायला वेळ लागतो.

निष्कर्ष काढण्याआधीच्या तीन पडताळण्या

* उत्परिवर्तन बंद करा, निवड बंद करा, लोकसंख्या मोठी ठेवा. पु = ०.१ असलेल्या दोन स्थानांमधला अ १० पिढ्यांत सरासरीने मूळच्या ०.३५ पटीवर यायला हवा.
* एकच फायद्याची प्रत सोडा, फा = ०.०५. अशा हजारो धावांपैकी साधारण ९ ते १० टक्क्यांत ती सगळी लोकसंख्या व्यापेल.
* पायरी ६ मधली पहिली जोडी चालवा. लांबी कितीही ठेवली तरी वेग सारखाच यायला हवा.

यातली एकही पडताळणी चुकली तर आलेख काढायला बसू नका.

## पायरी ८: अपायकारक उत्परिवर्तनं घाला

फक्त फायद्याची उत्परिवर्तनं ठेवून चित्र अर्धंच मिळतं. चांगलं उत्परिवर्तन ज्या गुणसूत्रावर उगवतं त्यावर आधीपासून काही वाईट बसलेलं असतं. पुनर्संयोजन नसेल तर चांगल्याबरोबर ते वाईटही सगळीकडे पसरतं, नाहीतर वाईटापायी चांगलंही बुडतं.

मॅकडॉनल्ड, राइस आणि देसाई यांनी २०१६ मध्ये यीस्टवर केलेल्या प्रयोगात हेच उघड झालं. सुमारे १,००० पिढ्या, दर ९० पिढ्यांनी एकदा मिलन. लैंगिक लोकसंख्या अधिक वेगाने अनुकूल झाल्या, पण त्यांत पक्की झालेली, म्हणजे सगळ्या लोकसंख्येत पसरलेली, उत्परिवर्तनं कमी होती. अलैंगिक लोकसंख्यांत चांगल्यासोबत निरुपयोगी आणि अपायकारकही पक्की होत गेली होती. तेव्हा पक्क्या झालेल्या उत्परिवर्तनांची नुसती संख्या मोजून वेग ठरवू नका. निष्कर्ष उलटा येऊ शकतो.

अलैंगिक लोकसंख्येत अपायकारक उत्परिवर्तनाचा दर ०.१ आणि प्रत्येकाचा तोटा ०.०२ असेल, तर एकही अपायकारक उत्परिवर्तन नसलेल्या व्यक्तींचं समतोल प्रमाण ई (२.७१८) चा −५ वा घात, म्हणजे ०.००६७. दहा हजारांत ६७ जण, हजारात सातच. इतके थोडे जण योगायोगाने सहज नष्ट होतात. एकदा ते गेले की पुनर्संयोजनाविना परत घडत नाहीत, आणि हे चक्र पुढे फिरत राहतं. लोकसंख्या निवडताना हा आकडा आधी काढा.

## पायरी ९: पुनर्संयोजन नडतं ती परिस्थितीही चालवा

एकाच बाजूची उदाहरणं चालवणाऱ्याचं मत आधीच ठरलेलं असतं. म्हणून हे करून बघा: ०० ला १, क० आणि ०ख ला ०.९५, कख ला १.१. सुटे अलील तोट्याचे, जोडी फायद्याची.

कख दुर्मीळ असताना त्याची गाठ जवळपास नेहमी ०० शी पडते आणि पु इतक्या प्रमाणात जोडी फुटते. ती टिकून वाढायची तर १.१ × (१ − पु) हा आकडा १ च्या वर हवा, म्हणजे पु सुमारे ०.०९१ हून कमी लागतो. पु = ०.०५ ला १.०४५ येतो, जोडी वाढते. पु = ०.२ ला ०.८८ येतो, जोडी नाहीशी होते, तिचा फायदा दहा टक्के असूनही.

मात्र सुरुवातीला कख किती आहे यावर उत्तर बदलतं. बहुसंख्य कख असतील तर त्यांची गाठ आपसांतच पडते आणि फुटण्यासारखं काही नसतं. म्हणून अशा फिटनेससाठी एकच सुरुवात चालवून थांबू नका. दुर्मीळ, निम्मी आणि बहुसंख्य अशा तिन्ही चालवा.

## पायरी १०: जिवंत प्रयोगात उतरताना

इथे सगळ्यात अवघड काम तुलनेच्या गटाचं आहे. यीस्टला बीजाणू करायला लावायचं तर उपाशी ठेवावं लागतं. ती उपासमार स्वतःच एक निवड आहे. लैंगिक गट उपाशी राहिला आणि अलैंगिक गट खातपीत वाढला, तर मोजलेला फरक पुनर्संयोजनाचा राहत नाही. गोडार्ड, गॉडफ्रे आणि बर्ट यांनी २००५ च्या प्रयोगात यावर चांगला तोडगा काढला: अलैंगिक गटातून एसपीओ११ आणि एसपीओ१३ ही जनुकं काढून टाकली. त्यामुळे तो गटही उपासमारीतून गेला, त्यानेही बीजाणू केले, पण पुनर्संयोजन झालं नाही. कठीण वातावरणात लैंगिक गट पुढे गेला, सुखाच्या वातावरणात दोघांत फरक पडला नाही. त्या दुसऱ्या निकालामुळेच पहिल्यावर विश्वास बसतो.

काही गोष्टी हमखास राहून जातात:

* मिलनात सगळ्या पेशी यशस्वी होत नाहीत, म्हणून लैंगिक गटाची संख्या त्या वेळी खाली येते. अलैंगिक गटही तितकाच खाली आणा.
* मिलन न झालेल्या पेशी काढून टाकल्या नाहीत, तर तुमचा "लैंगिक" गट बराचसा अलैंगिकच राहतो.
* फिटनेस मोजताना दोन्ही गटांच्या गुणसूत्रांचे संच सारखे हवेत. एका गटात एकगुणित आणि दुसऱ्यात द्विगुणित पेशी असतील, तर तुलना तिथेच संपली.
* मिलनानंतर लगेच मोजलेला फिटनेस खाली आलेला दिसू शकतो, कारण साचलेल्या चांगल्या जोड्या नुकत्याच फुटलेल्या असतात. निवडीला काही पिढ्या द्या आणि मगच मोजा. मोजण्याची पिढी प्रयोग सुरू होण्याआधी वहीत लिहून ठेवा.

लोकसंख्येचे किमान दोन आकार ठेवा. कोलग्रेव्ह यांच्या २००२ च्या क्लॅमिडोमोनास शैवालावरच्या प्रयोगात लैंगिक प्रजननाचा फायदा मोठ्या लोकसंख्येत जास्त दिसला, आणि पायरी ६ चा हिशेबही तेच सांगतो. एकाच आकारावर केलेल्या प्रयोगात फरक दिसला नाही, तर तो खरोखर नव्हता की त्या आकाराला स्पर्धाच नव्हती, हे ठरवता येत नाही.

प्रयोग संपून फरक शून्य आला, तर अलैंगिक गटाचे मधल्या पिढ्यांचे गोठवलेले नमुने बाहेर काढा आणि त्यांचा जीनोम वाचून घ्या. एकाच वेळी दोन-तीन वंश वर चढताना आणि मग त्यातले एखाद-दोन खाली येताना दिसले, तर स्पर्धा होती आणि तुमचं शून्य खरं उत्तर आहे. एका वेळी एकच वंश निर्वेध वर जाताना दिसला, तर लोकसंख्या वाढवून प्रयोग पुन्हा लावा.